लिफ्ट नसलेला मोहल्ला

माझा नवरा योगराज बर्लिनला लिफ्ट दुरुस्त करतो. मी केशोरी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्नानंतर वर्षभरातच तो गेला. मी मागे राहिले, कारण मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. निघताना योगराज म्हणाला होता, "बाबा सुधरले का तुले घेऊन जातो." मामाजी सुधारले नाहीत.

त्याची जेवणाची सुट्टी आणि माझं शाळेतून परतणं साधारण एकाच वेळी होई. केशोरीत व्हिडिओ सारखा अडकतो, म्हणून आम्ही नुसतं बोलायचो. पडवीत मामाजींच्या खाटेशेजारी बसून मी फोन स्पीकरवर ठेवायची, त्यांनाही मुलाचा आवाज ऐकू यावा म्हणून.

त्याचं काम रोज नव्या भागात असे. त्यामुळे मी बर्लिन पाहिलं नाही, ऐकलं. शार्लोटेनबुर्गला पाळीव कुत्र्यांची नखं फरशीवर वाजत आणि माणसं कुजबुजल्यासारखी बोलत. नॉयकोल्नला अरबी गाणी, सायकलींच्या घंट्या, पोरांची भांडणं. मारत्सानला उंच इमारतींमधून वारा शीळ घालत जाई. ग्रुनेवाल्डला तर इतकी शांतता, की योगराजच्या बुटांखालचा पाला ऐकू यायचा. हळूहळू त्यानं काही सांगण्याआधी मीच भाग ओळखू लागले. दुसरं बोलण्यासारखं आमच्याकडे फारसं उरलंही नव्हतं.

धान पोटरीला आलं होतं, तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी फोनमधून होला पक्षी घुमताना ऐकू आला. बाकी रहदारी नाही, काही नाही.

"आज कोनता भाग होय जी?" मी विचारलं.

"नाव नाही माहीत. पाटीच नाही कोठी."

"लिफ्ट कोनाची आहे?"

"अठी लिफ्टच नाही. सारी बैठी घरं आहेत."

"मंग गेले कायले?"

"असाच उतरलो ट्रेनमधून. पाय वळले. बरं वाटते अठी."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता. मागे कुणीतरी सुपात धान्य पाखडत होतं. मी म्हटलं, आपल्याकडचं कुणी राहत असेल. तो म्हणाला, "असंल." पुढे रोज तोच मोहल्ला. नॉयकोल्न, मारत्सान, सगळं फोनमधून नाहीसं झालं. कामाचं विचारलं की तो विषय बदलायचा.

मग हातपंप ऐकू आला.

आमच्या अंगणातला पंप दांडा खाली जाताना किंचाळतो आणि वर येताना उचकी लागल्यासारखा अडकतो. कितीदा ग्रीस लावलं, फरक पडला नाही. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. फोन खाटेवर ठेवून मी अंगणात गेले. पंपाजवळ कुणी नव्हतं. दांडा उन्हानं तापलेला आणि स्थिर होता. पडवीतल्या फोनमध्ये मात्र कुणीतरी बादली भरत होतं.

नेटवर्कमध्ये आवाज परतून येतात, हे मला माहीत आहे. मुलांना मी प्रतिध्वनी शिकवते. पण त्यासाठी आधी कुठेतरी आवाज व्हावा लागतो.

मी योगराजला काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "दिवाळीले येता ना?"

"कायले?"

त्यात राग नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"कायले म्हंजे? घरी."

"मी रोज घरीच तं येऊन राहिलो, मंजू."

त्या रात्री मी मामाजींचं अंग पुसलं, कूस बदलली, पाठीच्या जखमेला मलम लावलं. ते छताकडे पाहत होते. माझ्याकडे ते हल्ली पाहतच नसत.

पुढच्या फोनला मी मुद्दाम गप्प बसले. होला घुमत होता. मग एक म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "मंजू, पानी आन व."

माझ्या शेजारी मामाजींनी डोळे उघडले.

"कोन बोलून राहिलं तठी?" मी विचारलं.

"बाबा."

"बाबा अठी आहेत. माझ्या बाजूले."

फोनमध्ये बांगड्या वाजल्या. जमिनीवर लोटा टेकला.

"घ्या जी मामाजी," एक बाई म्हणाली.

तो माझा आवाज होता. आताचा नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला, न दमलेला.

मी फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी दिवसभर ठरवलं, की लावायचा नाही. शाळेतून आले आणि लावला.

ताटं मांडली जात होती.

"मी मंजू बोलून राहिले," मी म्हटलं. "आयका जी. मी अठी आहो."

मागून त्या बाईनं विचारलं, "कोनाचा फोन होय जी?"

"कोनाचा नाही," योगराज तिला म्हणाला. "तू वाढ. बाबाले आधी."

फोन त्यानं तसाच कुठेतरी ठेवून दिला असावा. मला वाढण्याचा आवाज आला. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती हसली. तसं हसून मला किती वर्षं झाली, आठवेना.

मग तिकडूनच फोन कापला गेला.

पडवीत शांत होतं. चूल मी अजून पेटवलीही नव्हती. मी मामाजींकडे वळले.

त्यांचे डोळे मिटलेले होते. तोंड सावकाश हलत होतं, चावल्यासारखं. घास गिळताना कंठमणी वरखाली झाला.

मी त्यांचा उजवा हात उचलला. बोटांना भाताची शितं चिकटली होती.

गरम होती.