आतून लागलेली कडी

सकाळी साडेदहा वाजता शिवकन्यानं मागच्या खोलीचं दार लोटलं, खालची कडी आतून सरकवली आणि चार महिन्यांच्या भावाला मांडीवर घेऊन ती दाराला पाठ टेकून बसली. शिवकन्याला नुकतंच सहावं लागलं होतं.

बाहेरच्या खोलीत तेव्हा पाट मांडलेला होता. विधी करायला जंगम महाराज येऊन बसले होते, विभूती, फुलं, नारळ असं ताट तयार होतं, आणि डोक्यावरून पदर घेऊन पाटावर बसलेल्या राजेश्रीच्या छातीत असं काही धडधडत होतं, की शेजारी बसलेल्या नवऱ्याला ते ऐकू जाईल याची तिला लाज वाटत होती! लग्नाला सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत गावातल्या किती डोहाळजेवणांत ती मागच्या रांगेत उभी राहिली, किती बारशांत पाळण्याच्या दोरीला हात लावण्याआधी तिनं आजूबाजूला पाहिलं... आणि आज, आत्ता, महाराजांनी खूण केली की धाकटी जाऊ आपलं लेकरू आणून तिच्या ओटीत घालणार होती. त्या क्षणापासून महारुद्र तिचा! तिचा एकटीचा!

तसा शब्द दिला होता तो धाकट्या जावेनं, महानंदानंच. पहिल्या बाळंतपणात ती काविळीनं अंथरुणाला खिळली, तेव्हा शिवकन्याला वाढवलं ते राजेश्रीनं. न्हाऊमाखू घातलं, बाटलीनं दूध पाजलं, दात येताना रात्र रात्र खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. "अक्का, दुसरं झालं तर ते तुमचं," असं महानंदा उपकाराच्या भरात बोलून गेली. सासूबाईंनी तो शब्द उचलून धरला, आणि दुसऱ्या खेपेला मुलगा झाला म्हटल्यावर तर त्या शब्दातून मागं फिरायची सोयच उरली नाही. राजेश्रीच्या नवऱ्यानं, थोरल्या मल्लेशनं, जिंतूरला किराणा दुकान घातलं होतं. सोमवारी चारठाण्याचं हे घर सोडून तो बायको आणि बाळाला घेऊन तिकडं राहायला जाणार होता.

"जा गं, आण त्याला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव चन्नबसम्मा; माहेर बिदरकडचं, म्हणून घरदार त्यांना अव्वा म्हणायचं.

महानंदा उठून आत गेली. परत आली ती मोकळ्या हातांनी.

"दार लागलंय आतून... शिवू उघडंना! बाळ बी आतच हाय!"

मग जो गोंधळ उडाला तो उडाला! सगळे दाराशी धावले. खिडकीला आतून लोखंडी कपाट लावलेलं, वरच्या झरोक्यातून नुसता पंखा दिसायचा. महानंदाचा नवरा योगीराज दारावर थापा मारू लागला.

"शिवे, उघड बेटा. मोबाईल देतो, कार्टून लाव."

"तुमच्या मोबाईलला चार्जिंग नसती, पप्पा."

शेजारच्या धुरपताबाई बोलावण्याआधीच येऊन उभ्या होत्या. त्यांनी योगीराजला कोपरानं बाजूला सारलं. "सरका तुमी. लेकरांची तऱ्हा मला ठाव हाय. शिवकन्या, ए बाई, चॉकलेट आणलंय बघ तुला!"

"न्हाई पायजे. दात किडतेत."

"अगं बया, किती गं शहाणी!" धुरपताबाई मागं वळल्या. "ही पोरगी हाय का वकील?"

महाराजांनाही हसू आवरलं नाही. पण तेवढ्यात आतून बाळ रडलं, आणि कुणाच्याच तोंडावर हसू राहिलं नाही. आधी कुरकुर, मग टाहो. महानंदानं दोन्ही हातांनी पदर छातीशी घट्ट धरला. पाजायची वेळ होऊन गेली होती आणि चोळी भिजू लागली होती. मल्लेश परसातून पहार घेऊन आला. गावात त्याचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता, पण आज त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"व्हा बाजूला. बिजागरी उचकटतो."

"मोठे पप्पा," आतून बारीक आवाज आला, "मी दाराला टेकून बसले. बाळ मांडीवर हाय."

"थांबा!" राजेश्री किंचाळली. तिनं नवऱ्याचा हात धरला आणि पाटासाठी नेसलेल्या कोऱ्या साडीचा विचार न करता फरशीवर पालथी पडून दाराखालच्या फटीला डोळा लावला. लाल फ्रॉकचा घेर दिसला. दोन छोट्या टाचा दिसल्या. आणि त्या टाचांच्या पलीकडं हवेत झाडलं जाणारं एक इवलं, गुलाबी पाऊल... ज्या पावलासाठी तिनं चार महिने रात्री जागून सहा जोड मोजे विणले होते!

ती उठली तेव्हा तिच्या मनात जे यायला नको होतं ते आलं. आणि मनात आलेलं ओठांवरही आलं.

"खरं सांग महानंदा. तूच शिकवलंस ना हिला?"

महानंदानं एकदम वर पाहिलं.

"मी?... अक्का, मला द्यायचं नसतं, तर मी स्वतःच कडी लावून बसले असते की! चार महिने झाले, रोज पाजताना स्वतःला सांगते, हे तुझं न्हाई, लय जीव लावू नको. लेकराला पाजताना असं म्हणून बघा एकदा, अक्का! एकदा म्हणून ब..."

आणि आपण काय बोललो, कुणाला बोललो, हे ध्यानात येताच तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सोळा वर्षांत राजेश्रीला पुष्कळ बायका पुष्कळ काही बोलल्या होत्या. त्या सगळ्यांना ती पुरून उरली होती. पण हे बोलणं टोमण्याचं नव्हतं. खरं होतं, आणि म्हणूनच ते थेट काळजात घुसलं. चार महिने आपण मोजे विणत होतो, तेव्हा पलीकडच्या खोलीत ही पोर स्वतःच्या पान्ह्याला समजावत होती... आणि आपण तिला एकदाही विचारलं नाही!

"तुमी सगळे जरा मागं सरा," ती कशीबशी म्हणाली. "मी बोलते तिच्याशी."

ती दाराला पाठ लावून बसली. आता एका फळीच्या या बाजूला ती होती आणि त्या बाजूला शिवकन्या.

"शिवे."

"काय?"

"बाळाला भूक लागली गं."

"मी बोट दिलंय त्याला. धुतलेलं."

"बोटानं पोट भरतंय का? मम्मीपाशी दे त्याला. मम्मीपाशीच देऊ, मी न्हाई घेत. झालं?"

आत बाळाचं रडणं वाढलं. मग शिवकन्या म्हणाली, "तू त्याला घेऊन जिंतूरला जाणार."

"... हो."

"अन् मी कुठं झोपू?"

पहिल्या महिन्यापासून ही पोर तिच्या कुशीत झोपत आली होती. झोपेतही तिच्या पदराचं टोक मुठीत असायचं. सोमवारी आपण गेल्यावर ती मूठ काय धरील, हा विचार तिनं केला नव्हता असं नाही. तो मनात आला की ती दुसऱ्या कामाला लागायची.

"मम्मीपाशी झोपशील की."

"अव्वा म्हणली, मोठ्या आईला लेकरू न्हाई, म्हणून बाळ द्यायचं." आवाज आता थरथरू लागला होता. "तुला लेकरू हाय की! मी हाय न्हवं का? मी लेकरू न्हाई का?"

"शिवे..."

"येलदरीला धरण बघायला गेलो, तवा त्या मासे विकणाऱ्या मावशीनं इचारलं, लेक का तुमची? तू म्हणलीस, न्हाई, जावेची हाय. मी ऐकलं. मी तुझं बोट सोडलं न्हाई, पण मी ऐकलं!"

हाय रे देवा! राजेश्रीला ती दुपार आठवली. ती बाई, तो सहज विचारलेला प्रश्न, आणि 'हो' म्हणायला उघडलेलं आपलं तोंड... ते आपण मिटलं होतं! दुसरीच्या लेकराला आपलं म्हणू नये, महानंदाच्या कानावर गेलं तर तिला वाटेल ही आपली पोर हिसकावून घेतेय, म्हणून! आयुष्यभर ती अशीच जपून, अंग चोरून, कुणाच्या वाट्याचं काही घेणार नाही अशी जगली होती, आणि याला ती त्याग समजत होती. त्या त्यागाची झळ जिला लागली, ती बोट धरून शेजारीच उभी होती!

"चुकलं माझं, बाळा," ती रडू लागली. "लय चुकलं. उघड दार. तू माझीच हाईस."

"मोठ्यानं म्हण. सगळ्यांना ऐकू येईल असं."

राजेश्रीनं मान वर केली. समोर सगळे उभे होते. हातात पहार घेतलेला नवरा, दीर, महाराज, अव्वा. त्यांना ओलांडून तिची नजर महानंदावर गेली. हे मोठ्यानं म्हणायचं तर आधी हिला विचारायला हवं होतं, आणि एकदा म्हटलं की तो पाट, ते ताट, ते इवलं पाऊल, सगळं सोडून द्यायला हवं होतं. दोन्ही हातांनी दोन लेकरं घेऊन जिंतूरला जाण्याएवढी ती निर्दय नव्हती!

महानंदाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिनं मान हलवली. "म्हणा, अक्का. रोज बघते की मी. ठेच लागली की ती कुणाला हाक मारते, मला कळत न्हाई का?"

"शिवकन्या माझी लेक हाय!" राजेश्री ओरडली. तिच्या आवाजानं तीच दचकली. "ऐकलं का सगळ्यांनी? मला लेकरू हाय! मला दुसरं नको!"

"डोकं फिरलं का गं तुझं?" अव्वा पुढं आल्या. "आयता मुलगा ओटीत पडतोय, अन् तू पोरीचं नाव घ्यायलीस? पोरीवर कुणाचं चाललंय आजवर?"

"माझं चाललंय, अव्वा," राजेश्री म्हणाली. "पाच वर्षं झाली, माझं हिच्यावरच चाललंय."

सासूला उलट उत्तर देण्याची तिची ही पहिली वेळ होती. धुरपताबाईंनी तर डोळेच मोठे केले.

"मोठी आई," आतून घाबरलेला आवाज आला, "कडी निघंना."

पुन्हा धावपळ! कडी जुनी होती; चिमुकल्या हातांनी इरेला पेटून ढकललेली, ती पार टोकाला जाऊन अडकली होती. बाळ आता रडून रडून उसासे टाकत होतं. महानंदा भिंतीला धरून उभी राहिली. मल्लेशनं पुन्हा पहार उचलली.

"शिवे, ऐक," राजेश्रीनं डोळे पुसले. आवाज एकाएकी रोजच्या वेणीफणीच्या वेळचा झाला. "बाळाला आधी गादीवर ठेव. मान धरून. ठेवलंस? आता त्याच्या मालिशच्या तेलाची बाटली घे. कडीवर ओत."

"सांडंल."

"सांडू दे. सगळी ओत. आता कडी थोडी वर उचल अन् मग मागं ओढ. रागानं न्हाई गं... हळू."

एक खरखर. मग काही नाही. पुन्हा खरखर... आणि खट्!

दार उघडलं. महानंदा वादळासारखी आत शिरली, बाळाला उचलून कोपऱ्यात पाठमोरी बसली, आणि क्षणात त्याचं रडणं थांबलं. त्या शांततेत नुसता दूध पिण्याचा आवाज ऐकू येत होता. तेलानं माखलेल्या हातांनी शिवकन्यानं राजेश्रीच्या गळ्याला मिठी मारली. नव्या कोऱ्या साडीवर बोटांचे ठसे उमटले. राजेश्री तिचे केस, तिचे गाल, तिच्या टाचा चाचपत राहिली, जणू ही पोर आत्ताच जन्मली होती आणि सगळं धड आहे ना, हे तिला बघून घ्यायचं होतं.

"अक्का," पाठमोऱ्या महानंदानं हाक मारली, "मघाशी मी बोलले ते..."

"राहू दे गं. पाज त्याला."

महाराजांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांनी हलकेच विचारलं, "ओटीत कुणाला घालायचं म्हणता?"

मल्लेशनं पहार भिंतीला टेकवली, चपला घातल्या आणि तो घराबाहेर पडला. कुठं जातो ते त्यानं सांगितलं नाही. अव्वा आपल्या खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. महाराज प्रसादाचं जेवले आणि "ठरलं की निरोप धाडा," असं म्हणून निघाले.

संध्याकाळी दिवे लागले तोवर मल्लेश परतला नव्हता. अव्वांनी दोनदा चहा परत पाठवला होता. शिवकन्यानं मात्र कुणाला न विचारता आपले फ्रॉक आणून राजेश्रीच्या बॅगेत भरले होते, आणि ती बॅगेशेजारीच झोपून गेली होती. बाळाला खांद्यावर थोपटत महानंदा तिथं आली. तिनं बॅगेतून एक फ्रॉक काढला, उलगडला, नाकाशी धरला. मग घडी करून परत आत ठेवला. मग पुन्हा काढला... राजेश्री उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तो फ्रॉक अजून महानंदाच्या हातातच होता.