कोरी नळी

ही गोष्ट खरी आहे. आत्ताच देवापुढे दिवा लावून उठले आणि लिहायला बसले. अशा वेळी खोटं लिहायची माझी छाती नाही.

हे माझ्या धाकट्या जावेच्या, मृदुलाच्या बाबतीत घडलं. गाव म्हैसूर. वार गुरुवार, मार्गशीर्षातला. आणि वेळ रात्रीची नाही बरं का...

भर दुपारची. सव्वाचारची.

मृदुला लग्न होऊन सांगलीहून आमच्याकडे आली. येलवालच्या रस्त्याला एक प्रयोगशाळा आहे, तिथे ती डीएनए तपासते. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही, तिची नोकरी आहे. पोलिसांकडून हाडं, दात, रक्ताचे डाग येतात. कोण कोणाचं, ते ही सांगते. कोर्ट तिच्या सहीवर विश्वास ठेवतं.

तिथे एक नियम आहे. नमुने तपासायला घेतले की त्यांच्याबरोबर एक जादा नळी चालवायची. तिच्यात माणसाचं काही नाही, नुसती रसायनं. तिला हे लोक कोरी नळी म्हणतात. बाकीच्या नळ्यांचं जे जे करायचं, ते तिचंही करायचं. शेवटी यंत्र आलेख काढतं. माणसाच्या नळीत शिखरं उमटतात. कोऱ्या नळीची सपाट रेघ.

ती सपाट आली, तरच बाकीचं खरं.

तिच्यात काही उमटलं, तर सगळी खेप बाद. नोंदवहीत लिहायचं, वरिष्ठांना दाखवायचं, पहिल्यापासून सुरू करायचं.

भाद्रपदात एका दुपारी मृदुलाने कोऱ्या नळीचा आलेख उघडला, आणि...

शिखरं होती.

पुसट नाहीत. स्वच्छ, पूर्ण. एका बाईची.

आपला स्पर्श झाला असेल, असं तिला आधी वाटलं. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाची माहिती त्यासाठीच ठेवलेली असते. तिने ताडून पाहिलं. स्वतःशी जुळेना. झाडूवालीशी जुळेना. कोणाशीच जुळेना.

मृदुला तेव्हा फार थकलेली होती. टेबलावर एक्केचाळीस फायली. तीन कोर्टांची स्मरणपत्रं. घरी आली की चपला न काढता पायरीवर बसून राहायची. मी चहा हातात द्यायची, तो तसाच गार व्हायचा.

त्या थकव्यात तिने एक गोष्ट केली.

खेप गुपचूप दुसऱ्यांदा चालवली. या वेळी कोरी नळी कोरी आली. तिने सही केली. पहिला आलेख संगणकातून पुसला, त्याचा कागद फाडायच्या यंत्रात घातला. नोंद केली नाही.

आश्विनात पुन्हा तेच.

तीच बाई. प्रत्येक शिखराला आकडा असतो. त्यातला एक इतका दुर्मिळ होता की मृदुलाने लगेच ओळखलं.

तिने पुन्हा आलेख फाडला. कागद आत जात होता तेव्हा मागून आवाज आला...

टक्... टक्... टक्...

बोटाच्या नखाने प्लॅस्टिकवर हलकेच वाजवावं तसा.

ती वळली. आवाज थांबला. मागे फक्त शीतकोठीचं दार होतं.

शीतकोठी मानाजीरावांच्या ताब्यात. आमच्यासारखेच म्हैसूरचे जुने मराठी, निवृत्तीला चार महिने उरलेले. मृदुलाने विचारलं तर म्हणाले, "अय्यो मॅडम, आवाजाचं काय घेऊन बसलात. हे बघा की आधी."

त्यांनी खण ओढला. सगळ्या पाकिटांवर बर्फ साचला होता. पांढरा, बोटभर.

एक पाकीट सोडून.

ते कोरडं होतं. नुसतं कोरडं. कोणी तरी सारखा हात फिरवत असल्यासारखं.

"दीड वर्ष झालं बघतोय. याच्यावर बर्फ धरतच नाही. मी आपला सुम्ने गप बसतो. पेन्शन व्हायची आहे माझी."

त्या पाकिटात एक हाड होतं. कबिनी नदीच्या पाण्यात सापडलेल्या एका मुलीचं. शेजारी तिच्या असू शकणाऱ्या आईचं रक्त, वेगळ्या पाकिटात. दोन्ही कधी उघडलीच नव्हती. पाकिटावर लाखेची मोहोर असते, तिचाच ठसा सोबतच्या पत्रावर लागतो. इथे दोन ठसे जुळत नव्हते. घाईत कोणी तरी दुसऱ्याच मोहोरेने पत्र पाठवलेलं. जुळत नाही, तोवर हात लावायचा नाही, हा नियम. तक्रार ठाण्याकडे गेली आणि तिथे पडून राहिली. पाकिटं इथे पडून राहिली.

आणि ती आई दर गुरुवारी फाटकाशी यायची.

भवानीबाई. एच. डी. कोट्याहून दोन बस बदलून. एकट्या राहायच्या. नवरा कधीच गेलेला, एकुलती एक मुलगी चंदना तीन वर्षांपूर्वी नाहीशी झालेली. दीर म्हणायचे, पळाली कोणाबरोबर तरी. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

मानाजीराव त्यांना हटकायचे. "काय हो अक्का, परत आलात? केएसआरटीसीने पास दिला काय तुम्हाला?"

"तुमचं काम तुम्ही करता काय? मग मी कशाला येत्ये?"

"आमच्या हातात काही नाही, अक्का. पत्र यायला पाहिजे, अष्टे, एवढंच."

"पत्र, पत्र! पोरगी माझी हाय की पत्राची?" मग मृदुला दिसली की आवाज खाली यायचा. "अक्का, मला बाकी काय नको. ती माझी चंदना हाय का न्हाई, येवढंच सांगा. माझी आसली तर दिवस करत्ये. नसली तर वाट बघत्ये. दोन्ही मिळून न्हाई हो जमत."

मृदुलाला पक्षकाराशी बोलायची परवानगी नाही. ती खाली मान घालून आत जायची.

शेवटी मार्गशीर्षात दुरुस्त पत्र आलं. ठसा जुळला. मानाजीरावांनी सगळ्यांसमोर लाख फोडली. आत काळी पडलेली, भुसभुशीत ढेप. प्रयोगशाळेत यायच्या आधी ते हाड उन्हात, ओलीत कुठे कुठे पडलं होतं, कोण जाणे.

गुरुवारी सव्वाचारला आलेख आले.

आईचं रक्त... स्पष्ट.

हाड... सपाट रेघ. काहीच उरलं नव्हतं.

कोरी नळी...

मृदुलाने डोळे मिटले. मग उघडले.

तीच. तो दुर्मिळ आकडा. तिसऱ्यांदा.

तिने आईचा आलेख शेजारी ठेवला. प्रत्येक माणसात प्रत्येक जागी दोन आकडे असतात, एक आईचा, एक बापाचा. ती एकेका जागेवर बोट ठेवत गेली. दोनातला एक आईचा. पुढे, एक आईचा. पुढेही...

एकही जागा चुकली नाही.

ती दुर्मिळ खूणही आईचीच होती.

टक्... टक्...

या वेळी आवाज तिच्या टेबलावरून आला. नळ्यांच्या स्टँडमधून. तिने पाहिलं. एकही नळी हलत नव्हती.

ती वरिष्ठांकडे, उपेंद्र सरांकडे धावली. त्यांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. चष्मा काढला.

"मृदुला, कायद्यात कोऱ्या नळीला नाव नसतं. वकील पहिला प्रश्न विचारणार, हे आलं कुठून? काय सांगशील?"

"सर, ही तिची मुलगी आहे."

"असेल. पण आज आईचं रक्त याच टेबलावर उघडलंय. उद्या म्हणतील तुम्हीच काही तरी मिसळलंत." मग त्यांनी विचारलं, "हे याआधी कधी झालंय? आईचं पाकीट फुटायच्या आधी? कागदावर असेल तर मी वर लिहितो. काही तरी मार्ग निघेल."



झालं होतं. दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा तिनेच ते फाडलं होतं.

तिने खरं सांगितलं. सरांनी चष्मा परत लावला. अहवालावर एकच ओळ गेली. निष्कर्ष काढता येत नाही. म्हणजे मुलगी बेवारस ती बेवारसच.

मृदुला बाहेर आली. भवानीबाई फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या होत्या.

"अक्का," मृदुला म्हणाली, "कागदावर काही येणार नाही. माझ्यामुळे येणार नाही. पण..."

तिने फक्त मान हलवली. होय म्हणून.

भवानीबाई रडल्या नाहीत. त्या कट्ट्यावर जराशा सरकल्या. पदराने शेजारची जागा झाडली.

"बस," त्या म्हणाल्या.

मृदुला बसायला वाकली... आणि तिच्या लक्षात आलं.

भवानीबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. तिच्या बाजूला, मोकळ्या जागेकडे बघत होत्या.

ती न बसताच आत पळाली. त्या संध्याकाळी तिने नोंदवहीत दोन्ही जुन्या नोंदी केल्या. उशिरा केल्या, असं लिहून. आलेख मी फाडले, असंही लिहून. तिला लेखी ताकीद मिळाली. घरी येऊन ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. इतकी गाढ, की मी आरतीलाही उठले नाही. नेम मोडला माझा. देव समजून घेईल.

पुढच्या खेपेत कोरी नळी कोरी आली.

पुढच्या गुरुवारी मानाजीरावांनी खण ओढला. त्या फोडलेल्या पाकिटावर बोटभर बर्फ होता.

आणि भवानीबाई आल्या नाहीत.

दीड वर्षात एक गुरुवार चुकला नव्हता. मानाजीरावांना चैन पडेना. "भांडायला कोणी नाही, कसं तरीच वाटतंय, मॅडम." त्यांच्याकडे नंबर होता. स्पीकर लावून त्यांनी फोन केला.

बराच वेळ वाजला.

मग कोणी तरी उचलला. आधी काहीच नाही. फक्त...

टक्... टक्...

मग एक मुलीचा आवाज. बारीक, दमलेला. लांबून चालत आल्यासारखा.

"आई निजलीय. उठवू नका."

फोन बंद झाला. त्यानंतर तो कधी लागला नाही. ठाण्यातला माणूस जाऊन आला. घर उघडं होतं, म्हणाला. दोन ताटं धुऊन पालथी घातलेली होती. माणूस कोणी नव्हतं.

मृदुलाने त्या फोनचीही नोंद केली. आता ती काहीच सोडत नाही. तिने मला पानाचा फोटो दाखवला. तारीख. वेळ चार वाजून पंधरा मिनिटं. बोलणारी व्यक्ती, स्त्री. त्यापुढे ओळख, असा रकाना आहे.

तिथे तिने काही लिहिलेलं नाही.

रोज दिवा लावताना मला तो रकाना आठवतो. मी मनात एक नाव घेते. आणि घेतल्यावर, देवघरातल्या रिकाम्या तांब्यावर...

नको. आज एवढंच पुरे.