साडेदहाची गोळी

दवाखान्याच्या काचेच्या दारावर तो ‘ढकला’ अशी अक्षरं रंगवत होता, आणि तिने अगदी आज्ञाधारकपणे त्याच अक्षरांवर हात ठेवून दार ढकललं. आता काय म्हणावं या पोरीला! अख्खा तळहात निळा झाला.

“मॅडम, रंग ओला आहे…”

“मग तसं लिहायचं ना!”

“तेच लिहायला घेणार होतो… तेवढ्यात तुम्ही आलात.”

ती तिथली नर्स, तो पाट्या रंगवणारा. सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. आठ दिवस त्याचं काम चाललं, आणि आठही दिवस तिला त्या दाराशी काही ना काही काम निघत राहिलं. नवव्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडे तो शिडीवरून पडला. उजवं मनगट मोडलं. तिच्याच दवाखान्यात ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली आणि तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं.

घरी गेलेल्या पेशंटना रोज फोन करणं हे तिचं काम. त्याची वेळ लागली सकाळी अकराची.

“दुखणं दहापैकी किती?”

“दोन. तुमचा आवाज ऐकला की दीड.”

“नीट सांगा, पेंटर.”

“नीटच सांगतोय, मॅडम.”

“इथे सगळे मला सिस्टर म्हणतात.”

“मी नाही म्हणणार… पुढे पंचाईत होईल.”

तिचे कान तापले. मोठ्या सिस्टरना दिसू नये म्हणून तिने फायलीत तोंड खुपसलं.

बाकीच्या पेशंटना ती घसा कोरडा पडेपर्यंत समजवायची. दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, गोळीला दाद देईना, ताप आला, बोटं फुगली, बधिर झाली, तर माझ्या फोनची वाट बघत बसू नका, लगेच या. आणि शेवटची गोळी कधी घेतली, हे तर ती हटकून विचारायची, कारण गोळीच्या भरात माणूस बरा वाटतो.

याला मात्र ती विचारायची, आवडता रंग कोणता. ताप नाही, सूज नाही, बोटं हलतात… फॉर्मवरच्या खुणा ती आपल्या मनानेच करून टाकायची. एवढ्या हसऱ्या माणसाला काय झालं असणार?

सहाव्या दिवशी फोन त्याच्या वहिनीने उचलला.

“भावजींना ताप भरलाय हो. बोटं टम्म फुगलीत.”

“कधीपासून?”

“तीन दिवस झाले. तुमचा अकराला फोन येतो ना, म्हणून साडेदहाला गोळी घेऊन बसतात. आवाज हसरा यायला हवा म्हणे. बाकी दिवसभर उशी चावतात. मी म्हटलं, अहो, खरं सांगा त्यांना. तर म्हणाले, तिच्यापुढे रडगाणं गाऊ का?”

ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, “काही खायला देऊ नका. आत्ताच्या आत्ता घेऊन या.”

डॉक्टरांनी जखम उघडली. पू पार आतपर्यंत गेला होता. मग त्यांनी तिचे फॉर्म मागवले.

“रोज ताप नाही, सूज नाही? विचारलं होतंस त्याला?”

“नाही,” ती म्हणाली.

हात वाचला. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं आता मिटणार नव्हती. ब्रश धरायचा तो याच तीन बोटांत.

चार दिवस ती त्याच्या खाटेकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी दुपारी गेली.

“मी तुम्हाला विचारलंच नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणालाही विचारलं असतं. तुम्ही आवडत होता… म्हणून विचारलं नाही.”

“विचारलं असतंत तरी मी खोटंच सांगितलं असतं.”

“मी ओळखलं असतं. तेच तर माझं काम.”

त्याने बँडेजमधला हात पांघरुणाबाहेर काढला.

“जा तुम्ही. मला आता चमचासुद्धा धरता येत नाही. माझ्यापाशी काय राहिलंय?”

सगळं ठीक होईल, असं ती म्हणाली नाही. ते होणार नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. बँडेजबाहेर आलेली बोटं एकेक करून दाबली. मग हळूच विचारलं, “गोळी कधी घेतली?”

“सकाळी सातला.”

“आणि आता… किती दुखतंय?”

सवयीने त्याने हसायला ओठ हलवले. पण ते हसू काही जमेना. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मग परत तिच्याकडे वळवलं.

“खूप दुखतंय गं… पहिल्या दिवसापासून खूप दुखतंय.”

तिने स्टूल ओढलं, त्याच्या उशाशी बसली, आणि त्याला रडू दिलं.