सव्वासातची यादी

“आपल्या घरात सकाळी सकाळी येशू कशाला?” टोस्टला लोणी लावता लावता हेमचंद्र पुटपुटला. शेल्फावरच्या बुद्धमूर्तीची काही तक्रार नव्हती. मी रेडिओचा आवाज थोडा कमी केला. बंद नाही केला.

झुइडओस्ट भागातल्या आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर हे छोटं ख्रिस्ती रेडिओ स्टेशन आहे. दिवसभर प्रवचनं, बायबलचे धडे, ऐकणाऱ्यांशी गप्पा. माझं डच तिथूनच आलं, त्यामुळे भाजी मागता येण्याआधी मला क्षमा मागता यायला लागली. सव्वासातला तिथली निवेदिका मार्लीन आजाऱ्यांची नावं वाचते, लोक घरोघरी प्रार्थना करतात. घरच्यांनी फोन करून काय झालं ते सांगेपर्यंत नाव यादीत राहतं.

जानेवारीत आमची लेक जुई लायडनला, तिच्या कॉलेजच्या गावी, हॉस्पिटलात होती, तेव्हा शेजारच्या सुरिनामी मावशींनी तिचं नाव दिलं. मार्चमध्ये तिच्या फोटोला हार घालून पुण्यानुमोदन झालं, आमच्या बौद्ध मंडळातले सगळे येऊन गेले. हेमचंद्रने तिची सायकल लायडनहून आणून गॅलरीत लावली. स्टेशनला फोन मात्र दोघांनीही केला नाही. केला असता तर तो शब्द तोंडाने उच्चारावा लागला असता. घरात आम्ही नुसतं ‘मार्चनंतर’ म्हणायचो.

रोज सव्वासातला मार्लीन ‘युई’ म्हणायची. इथे ‘ज’चा ‘य’ होतो. मला तेवढं पुरे होतं.

जूनमध्ये ती नावापुढे थोडं जास्त वाचू लागली. युई रात्री शांत झोपली. मला वाटलं, माझंच डच कच्चं. पुढच्या आठवड्यात युईने डाळभात खाल्ला. मी हेमचंद्रकडे पाहिलं. तो टोस्टला भोक पडेपर्यंत लोणी लावत राहिला.

मग एका सोमवारी मार्लीन ‘जुई’ म्हणाली. स्वच्छ, ‘ज’सकट. शाळेतल्या बाईंना दुरुस्त करून करून थकली होती पोर. मार्लीनला कुणीतरी बसून शिकवलं होतं.

जुई आता चालते, असं मार्लीनने वाचलं. लवकरच घरी यायचं म्हणते.

हेमचंद्रने सुरी ठेवली. कार्यक्रम संपल्यावर त्याने स्टेशनला फोन लावला, स्पीकरवर. हे सगळं तुम्हाला कोण सांगतं, असं विचारलं.

“तीच की,” मार्लीन म्हणाली. “रोज सातला फोन करते. गोड मुलगी आहे.”

टोस्टरमधून दोन स्लाइस वर आले. कुणी उचलले नाहीत.

त्याने आधी डचमध्ये सांगितलं. मग माझ्याकडे बघून मराठीत.

“जुई गेली, नंदा. मार्चमध्येच.”

पलीकडे यादीचा कागद सरकल्याचा आवाज आला. मग मार्लीनने हळूच विचारलं,

“हे तिला सांगितलंय का कुणी?”