दोराला चार हिसके

तंबू भरलात का बॅगेत? बरं केलंत. टॉर्च दोन घ्या. मी येणार नाही, ते मघाशीच सांगितलंय. गुडघ्यांचं कारण दिलं ते खोटं होतं, गुडघे ठणठणीत आहेत माझे. बसा इकडे सगळे, आणि तो मोबाइल उलटा ठेव रे, डोळ्यांवर येतोय. ज्याला लवकर झोपायचं असेल त्यानं आत्ताच उठावं. नंतर झोप लागली नाही म्हणून माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत.

मी पाणीपुरवठ्यात होतो, हे तुम्हाला माहीत आहे. काय करत होतो ते आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुम्हाला वाटतं, काका नळ सोडत असेल. मी दोर धरायचो. अठरा वर्षं. धरणाच्या तळाशी पाणी आत घेणाऱ्या जाळ्या असतात. त्यांत पालापाचोळा अडकतो, तो काढायला एक माणूस खाली उतरतो. खाली स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. त्याच्या कमरेला दोर, दुसरं टोक काठावर माझ्या हातात. बोलायचं ते दोरावरच. एक हिसका म्हणजे ‘आहेस ना?’ चार हिसके म्हणजे ‘वर घे.’ आणि नियम एकच, जितके आले तितके परत द्यायचे. एकाला एक, चाराला चार. खालच्याला कळायला हवं की वर कोणीतरी जागं आहे. चाराला चार दिले, की तो शब्द झाला. धरलंय तुला, आता सोडत नाही.

खाली उतरणारा तो आमचा पाणबुड्या. खऱ्या नावानं त्याला फक्त पगाराच्या दिवशी हाक मारायचे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पन्नास फूट खाली बिनधास्त जाणारा गडी, पण घरून फोन आला आणि पलीकडून ‘अहो’ ऐकू आलं की त्याचं निम्मं रक्त आटायचं. हे मी चेष्टेनं म्हणतोय. बायको लाख माणूस होती, म्हणून तर आज तो आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. मार्चचा दुसरा शुक्रवार. माझ्या नोकरीचे शेवटचे दोन महिने राहिले होते. संध्याकाळी सहाला मी भांडाराला कुलूप लावत होतो, तेवढ्यात हा आला.

“दादा, एखादा जुना दोर द्या. सोमवारी आणून देतो.”

“कशाला? म्हैस घेतलीस का?”

“पोरांना घेऊन अभयारण्यात चाललोय. एक रात्र तंबूत राहायचं. धाकटी झोपेत चालते, आणि तंबू लावायची जागा तळ्याकाठी आहे.”

“मग दुसरीकडे जा की.”

“हिनं जागा ठरवून टाकली. थोरल्यानं शाळाभर सांगितलंय.”

कुठलं तळं, ते मी विचारलं. त्यानं सांगितलं. मग थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही. का, ते पुढे येईल. तीस मीटरचा एक जुना दोर होता, पण भक्कम. तो मी काढून त्याच्या खांद्यावर टाकला. दोर मीच दिला, हे मी विसरलेलो नाही.

पुढचं त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि थोडं त्याच्या बायकोच्या. दोघांचं बोलणं एका अक्षरानं इकडचं तिकडे होत नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराला पोचले. फाटकावरच्या वनरक्षकानं मुलांच्या हातात प्राण्यांच्या चित्रांचा एकेक कागद दिला. दिसेल त्यावर खूण करायची. थोरला आठ वर्षांचा, भलता काटेकोर. हरणाचं नुसतं शेपूट दिसलं म्हणून त्यानं हरणावर अर्धीच खूण केली. धाकटी पाच वर्षांची. तिनं पहिल्या दहा मिनिटांत हत्तीवर खूण केली. आई म्हणाली, “अगं, कुठे दिसला?” तर म्हणाली, “दिसेल ना मग.” दिवसभर चालचाल चालले, पायांचे ठसे बघितले, एका पोकळ झाडात आळीपाळीनं शिरून झालं. संध्याकाळी दगडांची चूल मांडून बटाटे उकडले. अर्धे कच्चे, अर्धे करपलेले, पण पोरांनी मिटक्या मारत खाल्ले. पाणबुड्या मला म्हणाला, “दादा, इतका चांगला दिवस आमच्या घरात कित्येक वर्षांत उगवला नव्हता.”

तंबू दोन होते. मुलांना वेगळा हवा होता. ‘आम्ही काय बाळं आहोत?’ मग त्यानं दोर काढला. एक टोक धाकटीच्या घोट्याला, सैलसर. दुसरं आपल्या मनगटाला. मध्ये पाच पावलांचं अंतर, उरलेल्या दोराचं वेटोळं तंबूंच्या मधे. मुलांना हिसके शिकवले. झालं! माकडाच्या हाती कोलीत. चार हिसके, पाणी हवंय. चार हिसके, अस्वल कुठे झोपतं? चार हिसके, दादा पादला. शेवटी आई ओरडली, “आता एक जरी हिसका आला तर दोर चुलीत घालीन.” साडेनऊला गपचूप झालं. चंद्र साडेदहाला मावळला. त्या रात्री तिथे दुसरं कोणी उतरलेलं नव्हतं. तळं पंचवीस पावलांवर.

दोन वाजून वीस मिनिटांनी त्याच्या मनगटाला हिसका बसला.

एक.

झोपेतच त्यानं एक परत दिला. जित्याची खोड हो. अठरा वर्षं तेच केलेलं. दोरावर एक आला की हात आपोआप एक देतो, त्याला डोळे उघडावे लागत नाहीत. थोड्या वेळानं परत एक. त्यानं परत एक दिला. त्याला वाटलं, धाकटीला जाग आली असेल, भीती वाटत असेल. बाबा आहे ना, एवढंच तिला बघायचं असेल.

मग चार आले.

सावकाश. एक... एक... एक... एक. खेळातले नव्हते ते. शिकवल्यासारखे, मोजून दिलेले.

आणि त्यानं चार परत दिले.

चूक झाली ती इथे. दुसरा कोणीही बाप उठला असता, बाहेर येऊन बघितलं असतं. यानं आधी उत्तर दिलं. मग उठून बसला आणि दोर ओढायला लागला.

दोर ताठ झाला. पलीकडे वजन होतं. वीसेक किलो. त्याच्या हाताला वजन कळतं, शप्पथ. त्याला वाटलं, पोरगी झोपेत चालतेय, तिला अलगद आपल्याकडे वळवावं. दोन हात ओढला, तिसरा हात ओढला...

चौथ्या हाताला दोर ओला लागला.

तसाच तंबूच्या बाहेर पडला. टॉर्च लावला. मुलांचा तंबू डावीकडे. दोर डावीकडे गेलेला नव्हता. दोर सरळ समोर गेला होता. तळ्याकडे.

त्याला वाटलं, गेली. पोरगी पाण्यात गेली. “अगं, ऊठ!” एवढंच ओरडला आणि धावला. धावत, ओढत, धावत. गुडघाभर पाण्यात शिरला. दोर खाली काळ्या पाण्यात गेलेला, आणि वजन येत होतं. हळूहळू, पण येत होतं. ओंडका असता तर त्याला कळलं असतं. ओंडका नुसता ओढला जातो. हे वजन पाय टेकवत होतं.

मागून बायकोचा आवाज आला. मुलांच्या तंबूतून.

“अहो! दोघं इथंच आहेत!”

“काय?”

“दोघं इथं आहेत! झोपलीत!”

तिनं थोरल्याला गदागदा हलवलं. दोर कुठे आहे? तो डोळे चोळत म्हणाला, “तिला टोचत होता. मी सोडला. बाहेर ठेवला...” आणि परत आडवा झाला.

इकडे हा पाण्यात उभा. हातात ताठ दोर. त्याला सगळं समजलं, पण हात सुटेनात.

मग पाण्यातून परत आले.

एक... एक... एक... एक.

आता ते सांगतो, जे शुक्रवारी भांडारात आम्ही बोललो नव्हतो. आणि जे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी त्याच तळ्यात एक होडी उलटली होती. सगळे निघाले, सहा वर्षांचा एक मुलगा राहिला. आम्हाला बोलावलं. दोन दिवस हा खाली, मी वर. सापडला नाही. दुसऱ्या दिवशी अंधार पडायला लागला तेव्हा मी याला चार हिसके दिले. वर ये. यानं उत्तर दिलं नाही. मी परत दिले. तेव्हा आला. वर येऊन म्हणाला, “दादा, अजून अर्धा तास द्या.” मी नाही म्हणालो. पोराचा बाप काठावर बसला होता, त्याच्याकडे मी बघितलं नाही. माझं बरोबर होतं. अंधारात माणूस खाली ठेवत नाहीत. बरोबर होतं, तरी मला आजही त्या बापाचं पाठमोरं बसणं दिसतं.

तर हा तिथे उभा. चार हिसके आलेले. उत्तर द्यायचं की नाही?

त्यानं दिलं नाही. अठरा वर्षांत दुसऱ्यांदा, आणि दोन्ही वेळा त्याच तळ्यात. मला सांगताना रडला तो. “मी आधी हो म्हटलं होतं, दादा. चाराला चार दिले होते. आणि मग गप्प राहिलो.”

थोडा वेळ काही नाही.

मग दोर ढिला पडला.

ढिल्या दोराचे दोनच अर्थ असतात. एक, पलीकडचा सुटला. नाहीतर... तो आपल्या पायांनी तुमच्याकडे येतोय.

पाणी त्याच्या गुडघ्यांना लागून हलायला लागलं. टॉर्च मागे कुठेतरी पडलेला. समोर काही दिसेना. तो मनगटावरची गाठ सोडायला लागला. ओली गाठ, आवळून बसलेली. नखं तुटली. मागून बायको आली, कांदा कापायची सुरी घेऊन. विचारलं नाही, काही नाही. दोर कापला. त्याची कॉलर धरली आणि त्याला ओढत काठावर आणलं.

“बघू नका. चला.”

“मी त्याला...”

“चला म्हणते ना!”

तंबू, भांडी, चपला, सगळं तिथेच. मुलांना पांघरुणासकट उचललं, एकेकाला एकेका दारातून गाडीत टाकलं. थोरला एका खिडकीशी, धाकटी दुसऱ्या. हा गाडी चालवायला बसला. किल्ली दोनदा खाली पडली. ती उचलायला तो वाकला तेव्हा मागचं दार एकदा वाजलं. वाऱ्यानं असेल. वारा नव्हता.

साडेतीन तासांचा रस्ता. आरसा त्यानं वर फिरवून ठेवला होता. मागे बघायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. निम्म्या वाटेत धाकटी झोपेत कुरकुरली.

“सरक ना... गार लागतंय...”

आईनं पदर तोंडात धरला. मागे वळली नाही.

सव्वासहाला घरी पोचले. उजाडायला लागलं होतं. मुलांना उचलून आत नेलं. दोघं कोरडी, सुखरूप, घोरत होती. मग गाडीचं दार लावायला हा परत बाहेर आला. आणि पाच मिनिटांनी माझा फोन वाजला.

मी बनियनवरच गेलो. दोन गल्ल्या सोडून तर घर. तो फाटकाशी उभा होता, मनगटाला कापलेल्या दोराचा फेरा तसाच. बायको पायरीवर बसलेली. गाडीचं मागचं दार सताड उघडं. कोणी आत हात घातला नव्हता.

“मुलांना पट्टे कोणी लावले होते का?” मी विचारलं.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “तेवढं भान कुणाला होतं, दादा?”

मी वाकून बघितलं. दोन्ही खिडक्यांजवळच्या जागा कोरड्या. त्यांचे पट्टे वर तसेच गुंडाळलेले. मधली जागा भिजलेली होती, आणि मधला पट्टा लावलेला होता. खटक्यात नीट बसवलेला. सैल नाही. लहान मुलाच्या पोटाला लागेल तेवढाच, घट्ट ओढून घेतलेला.