माथ्यातली ओळ

ओउलू शहरात मी बावीस वर्षं वेबसाइटी बनवतो आहे. राइली, माझी बायको, जुन्या कपड्यांच्या पट्ट्यांचे गालिचे विणायची. तिची वेबसाइट मीच बनवली. चार वर्षांत तिला गालिचा मागणारं एकही पत्र आलं नाही.

"तौनो, जगात कुणाला पायपुसणंसुद्धा नको का रे?" ती हसत विचारायची. मग तिनं माग झाकून ठेवला. मार्चमध्ये ती गेली.

जूनमध्ये साइट बंद करण्याआधी मी पानाचा माथा उघडला. हा भाग वाचणाऱ्याला दिसत नाही, तो यंत्रांसाठी असतो. तिथे माझीच ओळ होती: शोधयंत्रांनी या पानाची नोंद घेऊ नये. काम चालू असेपर्यंत आम्ही ती घालतो आणि साइट सुरू करताना काढतो. मी काढली नव्हती; म्हणजे चार वर्षं शोधणाऱ्या कुणालाच तिचं पान सापडलं नव्हतं.

मी ती पुसली. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ओळ परत आली होती. पानासोबत सर्व्हर जी माहिती पाठवतो, तिच्यात शेवटच्या बदलाची वेळ होती: सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. तेव्हा मी तिच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालत होतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्या इल्काला फोन केला.

"कुणी आत शिरलेलं नाही, म्हाताऱ्या. तूच घातली असशील. सवय आहे तुला."

"मस्करी नको."

"बरं, जुनी प्रत चढली असेल. परत पूस."

पुसली. तिसऱ्या दिवशी परत आली. परत पुसली.

चौथ्या दिवशी मी दहालाच पानासमोर बसलो. दहा-पाचला शेवटच्या बदलाची वेळ बदलली, ओळ परत उमटली. खोलीत ओल्या सुताचा वास आला. झाकलेल्या मागाची फळी एकदा आपटली.

"राइली, चूक माझी होती," मी म्हणालो आणि ओळ पुसली.

तीन आठवडे ओळ आली नाही. मग इल्काचा फोन आला.

"सतरा पत्रं आलीत राइलीच्या नावानं. निम्म्या बायकांना तो निळा गालिचाच हवाय."

निळा तिनं कधी विणलाच नव्हता.

मी पान उघडलं. कोरं होतं.

"इल्का, इथे काहीच नाही."

"काय बोलतोस? माझ्यासमोर उघडं आहे."

मी माथा उघडला. तिथे एकच ओळ होती. अशा ओळीत, मनाई कुणाला आहे ते लिहायची जागा असते.

शोधयंत्रांच्या जागी 'तौनो' लिहिलं होतं.