सर्चमधून गेलेले तात्या

विजापूरच्या आश्रमातून फोन आला, तेव्हा संयोगिता विश्वजीत सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसली होती. विश्रामबागेतला हा क्लास सर पंधरा वर्षं चालवत होते. बिघडलेली मशीनं आणि अडलेली माणसं, दोन्ही शेवटी त्यांच्याच गळ्यात पडत.

फोन ठेवला तेव्हा पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, तात्या तिथं होते. फेब्रुवारीच्या मध्यापासून सतरा दिवस! कृष्णात निकम एवढं नाव सांगत होते, गाव आठवंना. तिथल्या बाई रोज मोबाईलवर नाव टाकून बघायच्या, कायसुदिक आलं न्हाई. मग एक दिवस तात्या निघून गेले. आज बाईंना स्टँडवर आपलं पत्रक दिसलं, तवा फोन केला."

विसरण्याचा आजार जडलेले तिचे वडील, तात्या, दिवाळीत उंब्रजच्या घरातून जे बाहेर पडले, ते परतलेच नव्हते. लेकीनं त्यांच्या नावानं ब्लॉग लिहिला. फोटो, खाणाखुणा, फोन नंबर. जानेवारीत नाव टाकलं की तो सगळ्यात वर यायचा. सरांनी स्वतः पाहिलं होतं.

त्यांनी पुन्हा नाव टाकलं. त्या नावाचे दोन गुरुजी आले, एक माजी सरपंच आले. तात्या कुठंच नव्हते.

"पण मी रोज उघडून बघते की!" संयोगिता म्हणाली.

"लिंकवरून?"

"व्हय."

लिंकवरून ब्लॉग खरंच उघडला. अक्षरही हललं नव्हतं. सरांनी सेटिंग उघडलं. सर्चमध्ये दिसू द्यायचं बटण बंद होतं. सर्चच्या अहवालात दहा फेब्रुवारीपर्यंत सगळं ठीक होतं आणि बाराला 'यादीत घेऊ नका' अशी नोंद होती.

"हे आपोआप होत नाही. पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

"माझ्याकडं. राजवर्धनकाकांकडं. आन् धैर्यशीलदादाकडं, त्यानंच ब्लॉग काढून दिला. पन तो फौजेत, पार वर सीमेवर. फोन लागायची मारामार."

"काकांना ब्लॉग पसंत होता?"

"छ्या! घरातलं चव्हाट्यावर मांडलं म्हणून लय भांडले. डिलीट कर म्हणत हुते."

"त्या आठवड्यात घरी काय होतं?"

ती कसनुशी झाली. "तेराला कराडचे पाव्हणे बघायला आले. जमलं. मेमध्ये लगीन हाय."

"बायोडाटा कुणी पाठवला?"

"दादानं. अकराला. त्याच्यासाठीच रजा काढून आला हुता."

सर खुर्चीत मागे रेलले. आपल्याला उत्तर सापडलं याचा त्यांना जरासुद्धा आनंद झाला नाही.

"काकांनी केलं असतं तर ब्लॉग पुसूनच टाकला असता. इथं तर एक ओळही गेली नाही. बायोडाट्यात तुझं पूर्ण नाव, संयोगिता कृष्णात निकम. आजकाल पाहुणे आधी तेच सर्च करतात. तुझं नाव टाकलं की तात्यांचा ब्लॉग येणार. डोक्यावर परिणाम झालेला, घर सोडून गेलेला बाप. कोण पुढं येणार? ज्याला तात्याही हवे होते आणि तुझं लग्नही, त्यानं ब्लॉग झाकून ठेवला. चार दिवसांसाठी."

तिसऱ्या खेपेला फोन लागला. संयोगितानं स्पीकर चालू केला.

"दादा, ब्लॉग तू बंद केलास?"

पलीकडं वारा सुटला होता.

"व्हय. पाव्हणं जाईस्तवरच गं. चौदाला युनिटनं बोलावलं, तसाच निघालो. हितं रेंज न्हाई. मग वाटलं, ऱ्हाऊ दे लगीन हुईस्तवर." मग त्यानं विचारलं, "का? तात्यांचं काय कळलं का?"

संयोगितानं सांगितलं. विजापूर, सतरा दिवस, सगळं. आवाज चढवला नाही. तिच्यात तेवढं बळच उरलं नव्हतं.

तोवर सरांनी बटण चालू केलं होतं. यादीत परत घ्या असा अर्जही पाठवला होता. आणखी करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं.

"सर हायत का तिथं?" धैर्यशीलचा आवाज बारीक झाला होता. "सर, आता चालू केलाय न्हवं? आज दिसंल का वो?"

"सांगता येत नाही, बाळा," सर म्हणाले.